रानाची खबर

कोरोले,
१२ जून १९९९

हलाके,

माणसं सुखात, गाई सुखात, रान सुखात असो. नसलं तरी पत्राच्या सुरुवातीला असंच म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं.

तुझी खुशाली कळून आठ महिने झाले. एक तर तुझ्या बायकोने, तालासोने तुला कामाला जुंपलं असेल, नाही तर तू त्या गवतापायी बहिणीला विसरला असशील. इकडे तुला काय म्हणतात ठाऊक आहे? गवताचा नवरा. मिठाचा ट्रकवाला सांगत होता, हलाकेने अख्खं खोरं काट्यांनी बंद केलंय, दिवसभर कुंपणाभोवती फेऱ्या मारतो आणि एखादी शेळी आत शिरली तरी तिच्या मालकाला पंचांपुढे उभा करतो. ट्रकवाल्याने तुझं खोरं पाहिलेलं नाही, तो बाजारापर्यंतच येतो आणि ऐकीव गोष्टींना मीठ लावून विकतो. पण मला बरं वाटलं. लहानपणी तुला एक कालवड राखता येत नव्हती, आता खोरं राखतोस.

आता मुद्द्याचं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

इथे सलग दोन हंगाम पाऊस हुकला. गवत केव्हाच गेलं, आता गाई बाभळीच्या शेंगा हुंगत हिंडतात. दुपारी बसलेली गाय आपली आपण उठत नाही, शेपटीला आणि शिंगांना धरून चौघांना उठवावी लागते. परवा वस्ती झाडाखाली बसली आणि हलायचं ठरलं. कुठे हलायचं, ते कुणी तरी रान बघून आल्याशिवाय ठरत नाही. आमच्यात तो माणूस म्हणजे तुझे दाजी. मोलूने रान बघून यावं, गवत, पाणी, रोगराई आणि माणसं अशा चार गोष्टी झाडाखाली सांगाव्या, आणि त्याच्या शब्दावर सगळ्यांच्या गाईंनी उठावं, हे वीस वर्षं चाललंय. रान बघून आलेल्या माणसाला कोणी उलट विचारत नाही. आपल्यात कोणी खोटी खबर आणल्याचं मी ऐकलेलं नाही. आणली असेल तर त्या माणसाचं नाव पुन्हा कोणी घेतलं नसेल.

पण मोलूचा गुडघा सुजून भोपळा झालाय. तुझ्याकडे यायला पाच दिवस, परत पाच. मी म्हटलं, माझा भाऊ तिथेच आहे, रानाचा राखणदार आहे, त्याला लिहायला येतं. त्याचं पत्र आलं म्हणजे मोलूने डोळ्यांनी बघितल्यासारखंच. सगळ्यांसमोर बोलून बसले आहे.

म्हणून चार गोष्टी लिही. नुसत्या तुझ्या खोऱ्याच्या नाही, आसपास पाऊस कुठे पडला तेही. आम्ही तुझ्या कुंपणावर धाड घालू असं मनात आणू नकोस. काय आहे ते लिही. पुढचं वस्ती बघेल.

दारमी दहा वर्षांची झाली. मामाला विचार म्हणते, गवताशी लग्न लागलं तेव्हा मला का नाही बोलावलं.

कबाले


हारो दिम्तू,
२७ जून १९९९
(हे पत्र पाठवलं नाही. पत्र्याच्या पेटीत राहिलं.)

ताई,

तुझं पत्र पोचलं. दाजींच्या गुडघ्याला कोरफडीचा गर गरम करून बांध.

गवत आहे. तुला खोटं कशाला सांगू, गुडघ्याच्या वर आहे. मे महिन्यात सगळीकडून ढग गेले, पण आमच्या खोऱ्यावर तीन सरी पडून गेल्या. पूर्वेच्या टेकड्यांवर तर आमच्याहून जास्त पाऊस झाला. तिकडे कोणाचंच कुंपण नाही, मोकळं रान आहे, इथून दोन दिवसांवर. पाणी आमच्याकडे दोन विहिरींना आहे. रोगराई नाही. माणसं आपलीच.

पण ताई, हे खोरं म्हणजे काय ते तू पाहिलेलं नाहीस. तीन वर्षांपूर्वी इथे लाल माती होती, पाऊस आला की वाहून जायची. आम्ही काटे ओढून कुंपण घातलं. झुडपं मुळासकट काढली. पहिली दोन वर्षं एकाही जनावराला आत सोडलं नाही. लोकांनी मला शिव्या घातल्या. माझ्या सख्ख्या चुलत्याचा बैल आत सापडला तेव्हा मी त्याच्याकडून दंडाचा खोंड वसूल केला, तो अजून माझ्याशी बोलत नाही. आता गवत उभं आहे आणि ते वासरांसाठी, अशक्त गाईंसाठी आणि लेकुरवाळ्या घरांच्या दुभत्या जनावरांसाठी आहे. बेताने चारलं तर पुढच्या पावसापर्यंत पुरेल. तुमची वस्ती आली तर दहा दिवस.

आमच्या पंचांतले थोरले दूबाबाबा मघाशी आले होते. मी पत्र लिहितोय बघून कोणाला, काय, सगळं विचारलं. मग म्हणाले, "पत्र जातं बहिणीला, वाचतात झाडाखाली. आणि झाडाखाली फक्त तुझी बहीण बसत नाही, पोरा."

खरं आहे ते. तुमच्यामागून आणखी चार वस्त्या उठतील. मग मी लिहायचं तरी काय? गवत आहे पण येऊ नकोस, असं माझ्या पाठीवर हात फिरवून मला झोपवणाऱ्या बहिणीला कसं लिहू? ताई, हे वाक्य चार वेळा लिहून


हारो दिम्तू,
१ जुलै १९९९

ताई,

तुझं पत्र पोचलं. चार गोष्टी लिहितो, झाडाखाली वाचून दाखव.

गवत: नाही. खोऱ्यात होतं ते वाळवीने मुळापासून खाल्लं. मेमध्ये ढग आले आणि गेले. आसपास, टेकड्यांपर्यंत, सगळीकडे हेच.

पाणी: एक विहीर चालू आहे, ती आमच्यापुरतीही नाही.

रोगराई: नाही.

माणसं: इथलीच उठायच्या बेतात आहेत.

दाजींना इतक्या लांब पाय झिजवायला लावू नकोस. गुडघ्याला कोरफडीचा गर गरम करून बांध. दारमीला सांग, मामाचं लग्न फार घाईत झालं.

हलाके


कोरोले,
२० जुलै १९९९

हलाके,

तुझं पत्र वाचलं. तीन वर्षांची मेहनत, आणि शेवटी वाळवीने खावं? तुझी इतकी चेष्टा केली होती, आता जीभ चावते. गवताचा नवरा विधुर झाला रे.

पत्र झाडाखाली मीच वाचलं. चारही गोष्टी मोठ्याने, दोन दोन वेळा, कारण म्हाताऱ्यांना एका वेळी ऐकू येत नाही. एका म्हाताऱ्याने हळूच म्हटलं की तरी मोलूने एकदा उत्तरेला जाऊन बघावं, मे महिन्यात त्या बाजूला वीज चमकताना त्याने पाहिली होती. मोलू काठी शोधायला लागलाही होता. मी म्हटलं, माझ्या भावाच्या अक्षरापेक्षा तुमची वीज खरी का? मोलू हसला आणि खाली बसला. हसताना त्याचा खालचा ओठ वाकडा होतो, तुला माहीत आहे.

तर उत्तर गेली आणि पूर्व गेली. दक्षिणेला सगळे आधीच जाऊन बसलेत, तिथे मारामाऱ्या चालू आहेत. उरली पश्चिम. सरोवराकडचं काळ्या दगडांचं रान. ते उंटांचं रान आहे, गाईंचं नाही, दगडांनी खुरं फाटतात. पण एलेमाने, माझ्या धाकट्या दिराने, कुठून तरी ऐकलंय की तिकडे कोरड्या नदीच्या पात्रात वाळू खणली की पाणी लागतं आणि काठाने थोडी पालवी आहे. उद्या निघतोय.

तू स्वतःला खाऊ नकोस. गवत मेलं तर पुन्हा येतं. आणि मोलू म्हणतो ते लिहिते, त्याच्याच शब्दांत: "कबाले, तुझ्या भावाचं आपल्याहून वाईट झालंय. आपण निदान निघालोय. आपली जी गाय यातून वाचेल, तिचं पहिलं वासरू त्याचं." आपल्यात ज्याचं सगळं गेलं त्याच्या दारात भावकीने गाय बांधायची असते, आणि मोलूने तोंडातून काढलं की ते झालं. तेव्हा खोंड की कालवड, ते आत्ताच ठरवून ठेव.

कबाले


हारो दिम्तू,
१४ ऑगस्ट १९९९
(कोरोलेला कोणी नव्हतं. ट्रकवाल्याने सप्टेंबरात परत आणून दिलं.)

ताई,

तुमचं निघणं लांबलं असेल तर हे पत्र वेळेत मिळावं. पश्चिमेला जाऊ नका. तिकडचं पाणी खारट असतं आणि वाळूचे खड्डे ढासळतात. मला असं कळलंय की पूर्वेच्या टेकड्यांवर मागाहून थोडा पाऊस झाला असावा. नक्की सांगता येत नाही, पण दाजींना म्हणावं, गुडघा बरा असेल तर एकदा बघून या. निदान एलेमाला पाठवा. आमच्याकडे न येता परस्पर टेकड्यांकडे गेलात तरी चालेल, वळसा पडेल, पण वाट आहे.

निघाला असाल तर थांबा. कोणाकडून तरी निरोप द्या, मी स्वतः येतो.

घाईत आहे.

हलाके


सरोवराची बाजू. गावाला नाव नाही.
३० नोव्हेंबर १९९९

हलाके,

माणसं सुखात, गाई सुखात, रान सुखात, हे या वेळी लिहीत नाही.

मोलू गेला.

सप्टेंबरच्या शेवटी. नदीच्या पात्रात खड्डा खणत होते. तीन पुरुष उंचीचा खड्डा झाला होता. खालून एकाने वाळू भरून चामड्याची बादली वर द्यायची आणि वरच्याने रिकामी करायची, असं आळीपाळीने चाललं होतं. मोलूची पाळी नव्हती. त्याच्या गुडघ्यामुळे त्याला कोणी उतरू देत नव्हतं. पण बाकीचे थकले होते, आणि गाई वाळूला तोंड लावून हंबरत होत्या, ते त्याला ऐकवेना. उतरला. तो खालून मला हाक मारून म्हणाला, "ओल लागली गं," आणि बाजू बसली. आवाजही झाला नाही. आम्ही हातांनी उकरलं, बायका, पोरं, सगळे. वर काढला तेव्हा त्याच्या मुठीत ओली वाळू होती. पाणी खरंच लागलं होतं. दुसऱ्या दिवशी गाईंना आम्ही तेच पाजलं, दुसरं काय करणार होतो.

मी रडले नाही असं लोक म्हणतात. मला आठवत नाही. दारमी पंधरा दिवस बोलली नाही, आता एखाद-दुसरा शब्द बोलते.

गाई दगडांवर गेल्या. खुरं फाटली, बसल्या, उठल्या नाहीत. वस्तीही फुटली, चार घरं उरली, बाकी ज्याला जिकडे वाट दिसली तिकडे तो गेला. माझ्या घरी आता मी, दारमी, एलेमा आणि तीन गाई. इथे आता दोन सरी पडल्या आहेत, दगडांच्या फटीत हिरवं दिसतंय. हाच पाऊस तीन महिने आधी आला असता तर, असं मनात येतं आणि मी ते मनातून हाकलते.

हे पत्र एलेमा घेऊन येतोय, आणि त्याच्याबरोबर तांबडी गाय. गाभण आहे, सातवा महिना. मोलूने पहिलं वासरू तुझं म्हटलं होतं, पण वासरू होईपर्यंत थांबले आणि गायच मेली तर त्याचा शब्द खोटा पडेल. म्हणून पोटातल्या वासरासकट गाय तुझी. नको म्हणू नकोस, तुझ्या पोरांना दूध नसणार हे मला माहीत आहे. वाळवीने खाल्लेल्या रानात जनावरं कशी तगली असतील? मला दोन पुरतात. आम्ही माणसंच दोन-तीन.

ती डाव्या कुशीला हात लावू देत नाही. उजवीकडून दूध काढ, आणि काढताना काही तरी बोलत राहा. मोलू बोलायचा.

कबाले


हारो दिम्तू,
२१ डिसेंबर १९९९

ताई,

एलेमा आणि गाय दोघं सुखरूप पोचले.

दाजींचं वाचलं तेव्हा मी गुरांच्या वाडग्यात होतो. काय लिहू? दाजींनी मला पहिल्यांदा रान बघायला नेलं होतं, तेव्हा मी दारमीएवढा होतो. माती हातात घेऊन चुरडायला, वास घ्यायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्यासारखा माणूस आता होणे नाही. आम्ही इथे त्यांच्या नावाने दूध सांडलं आणि दूबाबाबांनी प्रार्थना म्हटली.

एलेमा एकच रात्र राहिला. तालासोने पाहुण्यासाठी तुपात कॉफीचे दाणे तळून त्याच्यापुढे ठेवले, त्याने दोन खाल्ले. मी त्याला वस्तीच्या खालच्या अंगाला, रिकाम्या झोपडीत झोपवलं, तिथे शांतता असते. इतके दिवस चालून दमला होता. सकाळी वाडग्यापाशी जरा वेळ उभा राहिला आणि मग न सांगताच निघून गेला. दुःखात माणूस असंच वागतो.

गाय तुझ्या नावाने ठेवली आहे, ती तुझीच. तालासो तिच्याजवळ जात नाही, मीच बघतो. उजवीकडून जातो. बोलायचा प्रयत्न करतो.

पत्र पाठव.

हलाके


हारो दिम्तू,
१० फेब्रुवारी २०००

ताई,

तुझं उत्तर नाही. ट्रकवाला दोनदा येऊन गेला. मी बाजारापर्यंत चालत जातो आणि हात हलवत परत येतो.

तांबडी व्याली. कालवड झाली, तांबडीच, कपाळावर पांढरा ठिपका. उभी राहिली, आचळ शोधलं, प्यायली. दूध इतकं की बुधला भरून वर येतं. सगळी पोरं बघायला जमली होती. मी तिथून निघून कुंपणाच्या कडेला जाऊन बसलो आणि ठरवलं की आज लिहायचं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

वाळवी लागली नव्हती. गवत होतं. गुडघ्याच्या वर होतं. दोन्ही विहिरींना पाणी होतं. मे महिन्यात आमच्याकडे पाऊस झाला होता आणि पूर्वेच्या टेकड्यांवर त्याहून जास्त. त्या म्हाताऱ्याने वीज बघितली ती खरी. मी तुला खोटं लिहिलं.

आधी मी खरं लिहिलं होतं. ते पत्र अजून पेटीत आहे, अर्धं. दूबाबाबांनी सांगितलं म्हणून मी बदललं असं नाही, त्यांनी खोटं लिही असं म्हटलं नव्हतं. मलाच ‘येऊ नकोस’ हे लिहिता येईना. तुम्ही आलात तर खोरं दहा दिवसांत संपलं असतं, आणि त्याच्यामागे आमची वासरं. आणि नाही म्हटलं तर तू मला काय म्हणशील? गवत नाहीच असं लिहिलं की तुला नकार द्यावा लागत नव्हता. मला तेव्हा वाटलं, हे सोपं आहे. कोणाला दुखावायला नको. टेकड्यांचं लिहिलं असतं तर तुम्ही आमच्यावरूनच गेला असतात आणि गवत दिसलं असतं, म्हणून टेकड्याही कोरड्या करून टाकल्या. एका खोट्यासाठी दुसरं.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा लिहिलं होतं, पश्चिमेला जाऊ नका म्हणून. त्यातही खरं लिहायचं धाडस नव्हतं. ते परत आलं. ते परत आलं त्याच सुमाराला दाजी त्या खड्ड्यात उतरले असतील, हे मी रोज मोजतो.

ताई, खोरं टिकलं. एकही वासरू मेलं नाही. शेजारच्या तीन वस्त्यांनी आता आपापली खोरी बंद करायचं ठरवलंय आणि मला शिकवायला बोलावतात. पुढच्या महिन्यात मोठ्या बैठकीत मला उभं करणार आहेत, लोकांनी काय केलं ते सांग म्हणून. सगळे मला चांगलं म्हणतात. घरात तालासोला ठाऊक आहे, ती माझ्या ताटात जेवण ठेवते आणि बाहेर जाऊन बसते.

तू इकडे ये. दारमीला घेऊन ये. दोन गाई असतील त्या आण, कुंपण मी माझ्या हाताने उघडतो. तांबडी आणि तिची कालवड तर तुझ्याच आहेत, माझ्या गाईंतल्या चार निवडून ठेवल्या आहेत, त्याही तुझ्या. तू मार, शिव्या घाल, पंचांपुढे उभा कर. मी सगळं झाडाखाली उभं राहून सांगेन. पण ये.

हलाके


सरोवराची बाजू,
२ एप्रिल २०००

हलाके,

पत्र मिळून पाच आठवडे झाले. लगेच लिहिलं असतं तर वेगळं पत्र गेलं असतं.

मला आधीच कळलं होतं. एलेमा परत आला तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, तुझ्या भावाकडे गवत आहे. मी विचारलं, पाहिलंस? म्हणाला, कुंपण पाहिलं नाही, मला खालच्या अंगाला झोपवलं होतं. पण सकाळी वाडग्यात वासरांचं शेण पाहिलं, हातात घेऊन फोडलं. आत गवताच्या काड्या होत्या, हिरवट, लांब. शेंगा आणि पाला खाणाऱ्या जनावराचं शेण तसं नसतं. हे गवत महिना-दोन महिन्यांचं नाही, वर्षभर राखलेलं आहे. असं म्हणाला.

मी काय केलं ते ऐक. मी त्याला खोटारडा म्हटलं. उरलेल्या चार घरांसमोर म्हटलं. मी म्हटलं, तुझा भाऊ गेला म्हणून तुला माझा भाऊ बघवत नाही. मी म्हटलं, तू गाय पोचवायला गेलास आणि भांडण घेऊन आलास. त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्याची घोंगडी जागेवर नव्हती. आता दूर कुठल्याशा शहरात, एका गोदामाच्या दारावर रात्रपाळीला उभा राहतो म्हणे. माझ्या घरात तोच एक पुरुष उरला होता. त्याला मी तुझ्या अक्षरावरून हाकलून दिलं. मोलूला मी तुझ्या अक्षरावरून खाली बसवलं होतं. दोन्ही वेळा मीच बोलले. तू नुसतं लिहिलंस. माझा वाटा मी तुझ्यावर टाकत नाही, तो माझ्याजवळ आहे आणि रोज रात्री माझ्या उशाला असतो.

पण एक गोष्ट तुला सांगायची आहे, कारण अजूनही ती तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. तू लिहितोस, नाही म्हटलं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस. सांगते काय म्हणाले असते. हलाके कंजूष झाला असं म्हणाले असते. दोन दिवस तणतणले असते. मोलू म्हणाला असता, त्याचं बरोबर आहे, वासरं आधी. आणि तो काठी घेऊन उठला असता. कारण तुझ्याकडे गवत आहे म्हटल्यावर त्याला कळलं असतं की ढग कुठून गेले, आणि तो आम्हाला तुझ्या खोऱ्याला वळसा घालून पूर्वेच्या टेकड्यांवर घेऊन गेला असता. तुझ्या कुंपणाची एक काटकी कोणी हलवली नसती. राखलेल्या गवतात परवानगीशिवाय कोण शिरतो आपल्यात? तुला काय वाटलं, आम्ही कोण आहोत?

गवत न देणं हा राखणदाराचा हक्क आहे. त्याबद्दल मला राग नाही. तुझं खोरं टिकलं, चांगलं झालं. वासरांचा काय दोष? बैठकीत उभा राहिलास की नीट सांग, लोकांनी शिकावं असंच काम आहे ते. तू झाडाखाली उभं राहून बाकीचं सांगशील म्हणतोस, ते तुझं तू ठरव. मी मागणार नाही आणि अडवणारही नाही.

मी येणार नाही. तुझ्या चार गाई नकोत. तांबडीही परत पाठवू नकोस, मोलूचा शब्द होता तो, आणि दिलेली गाय परत घेऊन मला तो मोडायचा नाही. ज्याचं सगळं गेलं त्याला द्यायची गाय तुझ्याकडे आली आहे. तिचं काय करायचं ते तू बघ.

दारमी दूध काढायला शिकली. तिच्या दोन गाईंना ती नावं देते, रोज नवी.

इथे चांगला पाऊस पडला, पण हे काळं रान गाईंचं नाही, कधी तरी हलावं लागेलच. उरलेल्या घरांतली माणसं काल म्हणाली, कबाले, तुझा भाऊ उत्तरेला असतो ना, त्याला लिहून विचार रान कसं आहे. मी म्हटलं, विचारत नाही. त्यांनी का म्हणून विचारलं, मी सांगितलं नाही. तुझं नाव मी अजून कोणाजवळ घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही, यातलं तुला काय कळायचं ते कळेल.

तू मला आता पत्र लिहू नकोस, हलाके. रागाने म्हणत नाही. तुझं पत्र आलं तर ते मी वाचेन, आणि मग ते खरं आहे का हे बघायला कोणाला तरी पाठवावं लागेल. पाठवायला माझ्याकडे आता माणूस नाही.

कबाले